शंकासुराचे फाजील लाड नकोत!

“रोज दोन तांबे पाणी घालते, शेणखत घालते, डाळ-तांदळाचं धुवणसुद्धा वाया जाऊ देत नाही, तरी मेलं एक फूल धरेल तर शपथ!”

तीन वर्षांपूर्वी जी भेटेल तिच्यापुढे मी हे रडगाणं गात होते. दारातला शंकासुर डोक्याएवढा वाढला होता, पानं कशी हिरवीगार, पण फुलांच्या नावानं शून्य. “उपटून टाक ते,” ह्यांचं म्हणणं, “स्कूटर तरी उभी राहील तिथं.”

शेवटी निदान केलं शेजारच्या काकूंनी. वर आंब्याकडे बघत त्या म्हणाल्या, “अगं, सावलीत बसवून खायला घातलंस तर ते अंगानंच सुटणार! ऊन दाखव त्याला, आणि जरा उपाशी ठेव.”

मैत्रिणींनो, शंकासुराचं सगळं मर्म या दोन वाक्यांत आहे. हे मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं झुडूप. त्याला दिवसाचं निदान सहा तास कडक ऊन हवं. खत जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं रुसतात. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा दोन ओंजळी कुजलेलं शेणखत दिलं की पुरे. जमिनीत मूळ धरलेल्या झाडाला उन्हाळ्यातही तीन-चार दिवसांआड पाणी चालतं. कुंडीतल्या झाडाला मात्र वरची माती बोटभर सुकली की घालावं. गच्चीवर लावणार असाल तर कुंडी चौदा-सोळा इंची घ्या, आणि तिचं भोक बुजलेलं नाही ना ते आधी पाहा. पाणी साचून राहिलं की मुळं कुजतात.

आता कातरीबद्दल. फुलांचा तुरा येतो तो नव्या फुटीच्या शेंड्याला. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड कमरेइतकं छाटायचं. माझा हात थरथरला होता, खोटं कशाला सांगू! पण एका फांदीच्या जागी तीन-चार फुटल्या. आंब्याच्याही दोन खालच्या फांद्या उतरवल्या आणि त्याच श्रावणात दारात लाल-पिवळे तुरे झुलले. पाकळ्यांना पिवळी किनार, आणि मधून मांजराच्या मिशांसारखे लांब लाल केसर. छाटताना हातमोजे घाला, फांद्यांना काटे असतात.

पानांवर हिरव्या बारीक अळ्या दिसल्या तर लगेच औषध फवारू नका. लहान पिवळी फुलपाखरं या पानांवर अंडी घालतात. चार पानं खाल्ल्यानं झाडाचं काही बिघडत नाही. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर मात्र साबणाच्या पाण्यानं पुसून काढा.

एक गोष्ट मात्र जरा गंभीरपणे सांगायची आहे. गेल्या मे महिन्यात नणंदेची मुलं आली होती. अंगणात भातुकली रंगली. थोरलीनं शंकासुराच्या कोवळ्या शेंगा सोलून वाटीत दाणे काढले होते, आणि “वालाची उसळ” म्हणून ती धाकट्याला भरवायला निघाली होती. मी कपडे वाळत घालायला बाहेर आले म्हणून बरं! दिसायला साध्या असल्या तरी या बिया विषारी आहेत. चुकून मुलाच्या पोटात गेल्याच, तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. शेंग बरोबर घेऊन तडक डॉक्टरांकडे जा.

या बियांची एक जुनी हकीकत वाचली आणि मन हेलावलं. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकर्ती 1699 साली बावन्नाव्या वर्षी मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. कशासाठी, तर किडे आणि फुलपाखरं यांची चित्रं काढायला! 1705 साली निघालेल्या तिच्या ग्रंथात शंकासुराचं चित्र आहे. सोबत तिनं लिहून ठेवलंय, की डच मळेवाल्यांच्या गुलामीत राबणाऱ्या बायका या बिया गर्भ पाडायला वापरत. आपलं मूल गुलाम म्हणून जन्माला येऊ नये, म्हणून! हे त्या बायकांनीच तिला सांगितलं होतं. आपण ज्याला नुसतं शोभेचं झाड म्हणतो, त्याच्याशी कुणाचं केवढं दुःख बांधलेलं! (कुणी घरगुती उपाय म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये, हे निराळं सांगायला नकोच. जिवावर बेतेल.)

म्हणून माझ्याकडे आता मुलं यायची असली की शेंगा आधीच कापल्या जातात. बियाण्यासाठी चार-सहा ठेवते. त्या तपकिरी झाल्या की लगेच काढायच्या, नाहीतर उन्हात तडकून बिया अंगणभर उडतात. बीचं कवच फार टणक. कडेला दगडावर जरा घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवावी. फुगली की पिशवीतच अर्धा इंच खोल लावावी, म्हणजे पुढे मूळ दुखावत नाही. आठ-पंधरा दिवसांत कोंब येतो. ऊन चांगलं असेल तर पहिल्याच वर्षी फुलं दिसतात.

नणंदबाईंना पुडी दिली ती वर “विषारी, वरच्या फळीवर ठेवणे” असं ठळक लिहूनच. आणि ह्यांची स्कूटर? ती अजून फाटकाबाहेरच असते. सीटवर पडलेल्या पाकळ्या रोज सकाळी हेच झटकतात, कुरकुर न करता!