धुराड्याविना भट्टी

घन पदार्थ वितळू न देता तापवायचा, ठरावीक वेळ त्या तापमानाला मुरू द्यायचा आणि मग ठरावीक वेगाने थंड करायचा, एवढ्या तीन क्रियांत ज्याची व्याख्या संपते त्या उष्मोपचारावर आजच्या यंत्रयुगाचा बराच डोलारा उभा आहे. कारण पोलाद कापणारे हत्यारही पोलादाचेच असते आणि एकाच जातीच्या दोन तुकड्यांपैकी कोणी कोणाला कापायचे, हे कोणाला किती आणि कशी आच मिळाली यावरच ठरते. मराठीला ही विद्या नवी नाही. कोयत्याला किंवा कुऱ्हाडीला ‘पाणी देणे’ म्हणजे तिची धार लाल तापवून पाण्यात बुडवणे, आणि ‘तावून सुलाखून निघणे’ या वाक्प्रचारातला ताव म्हणजे धातूला दिलेली हीच आच होय. गावचा लोहार भात्याच्या आणि कोळशाच्या बळावर जे करीत आला, तेच काम वसई पूर्वेच्या गाळ्यांत विजेच्या भट्ट्या करतात. फरक आचेच्या प्रमाणात फारसा नाही, तिचा हिशेब ठेवता येतो की नाही यात आहे.

वसई-विरार बाहेरच्यांना ठाऊक असते ते किल्ल्यासाठी आणि केळीच्या वाड्यांसाठी. लोहमार्गाच्या पूर्वेला मात्र वालीव, सातिवली, गोखिवरे अशा गावांभोवती, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या आधाराने, लहान कारखान्यांची वेगळीच वस्ती वाढली आहे. याच पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला औद्योगिक विकास महामंडळाची आखीव वसाहत आहे, तशी ही नव्हे. येथे खाजगी मालकांनी बांधलेल्या इमारतींत एकाला एक लागून गाळे असतात, एका गाळ्यात प्लास्टिकचे साचे बनतात, शेजारी पंच आणि डाय घासल्या जातात, पलीकडे तारेचे किंवा पत्र्याचे काम चालते, आणि कडक करायचा माल चलनासह टेम्पोत चढून जॉबवर्कसाठी भट्टीच्या गाळ्यात जातो. अशा गाळ्यात तेलाची किंवा कोळशाची मोठी भट्टी बसवायची म्हटली तर धुराडे न्यावे कोठून, इंधन साठवावे कोठे आणि वरच्या मजल्यावरच्याने धूर का सोसावा, हे प्रश्न आधी उभे राहतात. विजेच्या भट्टीला लागते ती केबल, पॅनल आणि मीटर. लहान गाळ्याचा धंदा आणि विजेची भट्टी यांचे सूत जमले ते प्रथम या सोयीमुळे. अचूकतेचा लाभ त्याच सोयीच्या पाठोपाठ आला.

पोलादात नेमके काय बदलते ते येथे पाहिले पाहिजे. नेहमीच्या तापमानाला लोखंडाच्या अणूंची जी मांडणी असते तिच्यात कार्बनला जवळजवळ जागाच नसते. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर ही मांडणी बदलू लागते आणि ऑस्टेनाइट नावाच्या नव्या मांडणीत कार्बन सहज सामावतो. अशा स्थितीतले पोलाद भट्टीतच सावकाश निवू दिले, तर कार्बनला बाहेर पडून वेगळे होण्यास अवधी मिळतो आणि धातू मऊ होतो, ज्याला अॅनिलिंग म्हणतात. तेच पोलाद तेलात किंवा पाण्यात झटक्याने थंड केले, म्हणजे क्वेंचिंग केले, तर कार्बन जागच्या जागी अडकतो, अणूंची जाळी ताणली जाते आणि मार्टेन्साइट ही अतिशय कठीण पण काचेसारखी ठिसूळ अवस्था तयार होते. हा ठिसूळपणा उतरवण्यासाठी वस्तू पुन्हा पोलादाच्या जातीप्रमाणे १५० ते ६५० अंशांपर्यंत तापवतात. हेच टेम्परिंग, आणि त्यात थोडा कडकपणा सोडून चिवटपणा पदरात पाडून घेतला जातो.

लोहाराला या अणूंचा पत्ता नव्हता. त्याच्यापाशी डोळा होता. तापलेल्या लोखंडाचा लाल, नारिंगी, पिवळा असा चढत जाणारा रंग उन्हात नीट ओळखता येत नाही, म्हणून लोहाराची शाळा अंधारी ठेवण्यात शहाणपण होते. टेम्परिंगच्या वेळी घासून चकचकीत केलेल्या धारेवर २२० अंशांच्या आसपास वाळल्या गवताचा पिवळा आणि ३०० च्या आसपास निळा रंग उमटतो, तो पाहून तो नेमक्या क्षणी हत्यार बाहेर काढी. या डोळ्याचे कौतुक करावे तितके थोडे, तरी त्याची मर्यादाही मान्य करावी लागते. साच्यांसाठी वापरले जाणारे डी-टू जातीचे पोलाद सुमारे १०१० ते १०३० अंशांवरून थंड करायचे असते. त्या पट्ट्यात वीस अंशांचा फरक डोळ्याने पारखणे, तेही रोज आणि प्रत्येक नगाला, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

वाहकातून वीज गेली की तो तापतो, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हे जेम्स ज्यूल यांनी १८४१ मध्ये मांडले. तरीही कारखान्यात सर्रास वापरता येईल अशी रोधभट्टी यायला पुढे साठाहून अधिक वर्षे गेली, कारण अडचण विजेची नव्हती, तारेची होती. साधी लोखंडी तार लाल झाली की हवेतल्या ऑक्सिजनने खाल्ली जाते, आणि प्लॅटिनमची तार टिकत असली तरी तिचा खर्च प्रयोगशाळेलाच झेपणारा. अल्बर्ट मार्श या अमेरिकी धातुशास्त्रज्ञाला निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट १९०६ मध्ये मिळाले आणि ही कोंडी फुटली. नायक्रोम नावाने ओळखली जाणारी ही तारही गंजते, पण तिच्यावर येणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर दुधावरच्या सायीसारखा घट्ट धरून राहतो आणि आतल्या धातूला हवेपासून झाकतो. पुढे स्वीडनमध्ये हान्स फॉन कांट्सोव यांनी लोह, क्रोमियम आणि अॅल्युमिनियम यांचा मिश्रधातू पुढे आणला, ज्याच्यावर अॅल्युमिनियम ऑक्साइडची आणखी चिवट साय धरते. ‘कँथाल’ हे त्याचे व्यापारी नाव आता सामान्य नामासारखेच वापरले जाते. नायक्रोमची तार स्वतः सुमारे १२०० अंशांपर्यंत टिकते, तर कँथालचे उत्तम प्रकार १४०० पर्यंत. त्यापुढच्या तापमानासाठी सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्या आणि त्याहीवर मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या कांड्या वापराव्या लागतात. विजेच्या भट्टीचा सारा संसार, थोडक्यात, गंजाच्या एका पातळ थरावर चालतो.

भट्टीची घडण दिसायला साधी असते. बाहेर लोखंडी पेटी, आत हलक्या उष्णतारोधक विटा किंवा पांढऱ्या गोधडीसारखे सिरॅमिक तंतूंचे ब्लँकेट, भिंतींच्या खाचांत वेटोळी घालून बसवलेली तार आणि तळाशी माल ठेवण्याची जाड पट्टी. लांब शाफ्ट आडवा ठेवून तापवला तर स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून तो जमिनीत उतरवलेल्या विहिरीसारख्या पिट भट्टीत उभा टांगतात. जड सांगाडे रुळांवरच्या गाडीवर लादून ती गाडीच आत ढकलतात, तिला बोगी भट्टी म्हणतात. ७०० अंशांच्या वर भट्टीतली उष्णता मुख्यतः प्रारणाने, म्हणजे उन्हासारखी सरळ रेषेत जाते, आणि तिचे प्रमाण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते; म्हणूनच सेल्सिअसचा आकडा ५०० वरून १००० झाला की धग दुप्पट होऊन थांबत नाही, सातपटींच्या वर जाते. १००० अंशांच्या भट्टीचे एक चौरस फुटाचे तोंड उघडे राहिले तर त्यातून सुमारे १४ किलोवॉट, म्हणजे दीड हजार वॉटच्या नऊ हीटरांइतकी धग बाहेर पडते. माल काढणारा कामगार लांब सांडशी घेऊन तिरका उभा राहतो, दार गरजेपुरतेच उचलले जाते आणि तेलाची टाकी चार पावलांवर ठेवलेली असते, यामागे हेच गणित आहे. शिवाय वाटेत रेंगाळलेला तुकडा तेलात पडण्याआधीच निवला, तर त्याला हवा तो कडकपणा येत नाही.

लोहाराच्या डोळ्याची जागा घेतली ती थर्मोकपलने. दोन निराळ्या धातूंच्या तारांची टोके जोडून जोड तापवला की परिपथात विजेचा सूक्ष्म दाब निर्माण होतो, हा शोध थॉमस झेबेक यांचा, १८२१ सालचा. भट्ट्यांत सर्रास दिसणाऱ्या के जातीच्या थर्मोकपलमध्ये ८५० अंशांना हा दाब सुमारे ३५ मिलिव्होल्ट असतो, आणि एवढ्याशा इशाऱ्यावर पॅनलमधला कंट्रोलर शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडतो किंवा आवरतो. चांगला कंट्रोलर नुसते चालू-बंद करीत नाही. तापमान किती कमी आहे, ते किती वेळ तसे आहे आणि कोणत्या वेगाने चढते आहे या तिन्हींचा विचार करून तो आधीच हात आखडता घेतो, जसा सराईत स्वयंपाकी दूध वर येण्याच्या बेताला आच कमी करतो.

येथे एक गफलत मात्र हमखास होते. थर्मोकपल सांगतो ते स्वतःच्या टोकाचे तापमान. मालाच्या गाभ्याचे नव्हे. पडद्यावर ८५० उमटले तेव्हा चार इंच जाडीच्या ठोकळ्याचे पोट अजून कितीतरी मागे असते. म्हणूनच मुरवण्याला, गाळ्यातल्या भाषेत ‘सोकिंग’ला, एवढे महत्त्व आहे आणि इंचाला एक तास हा ढोबळ हिशेब तोंडातोंडी चालत आला आहे. घाईच्या ऑर्डरीत हाच तास पहिला कापला जातो, आणि बाहेरून साठ एचआरसी भरलेली डाय प्रेसवर चढल्यावर तडकते. कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्राचा हिऱ्याचा शंकू फक्त कातडीच तपासतो.

तापलेल्या पोलादाचा दुसरा शत्रू म्हणजे भट्टीतली साधी हवा. तिच्यातला ऑक्सिजन पृष्ठभागावर पापुद्रे तर आणतोच, शिवाय कातडीतला कार्बन जाळून नेतो. मग धार जिथे हवी तिथेच धातू मऊ राहतो. जुना उपाय म्हणजे वस्तू बिडाच्या चुऱ्यात पुरून डब्यासकट तापवणे, कारण चुऱ्यातला कार्बन आधी जळतो आणि वस्तू वाचते. नव्या भट्ट्यांत नायट्रोजन किंवा दुसरा संरक्षक वायू सोडतात, अथवा सरळ हवाच उपसून निर्वातात माल तापवतात. हे जमते याचेही श्रेय विजेलाच द्यावे लागते, कारण ज्योतीला जळण्यासाठी हवा लागते, तापलेल्या तारेला लागत नाही. स्टेनलेस स्टीलचा खोल डबा दाबयंत्रावर ओढताना पत्रा कडक होत जातो आणि पुढच्या ओढीत फाटतो, म्हणून त्याला मधेच सुमारे १०५० अंशांची आच देऊन मऊ करतात. हे काम हायड्रोजनयुक्त वायूत केले तर डबा काळा न पडता चकचकीतच बाहेर येतो.

या सुखाची किंमत मीटरवर दिसते. एक टन पोलाद ८५० अंशांपर्यंत नेण्यास नुसत्या हिशेबाने सुमारे १६० युनिट लागतात. प्रत्यक्षात भिंती, जाळ्या, ट्रे आणि उघडणारे दार आपापला वाटा घेतात, त्यामुळे अर्धी भरलेली भट्टी चालवणे हा धंद्यातला सर्वांत महागडा आळस ठरतो. महाराष्ट्रात उद्योगांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत दरसवलत देण्याची पद्धत अनेक वर्षे होती, आणि लांब चालणारे उपचार रात्री लावण्याची सवय त्यातूनच पडली. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी सवलतीचा रोख सौरविजेच्या तासांकडे, म्हणजे दिवसाकडे वळवला आहे. रातपाळीचे हे गणित त्यामुळे हळूहळू उलटण्याची चिन्हे आहेत. विजेची भट्टी स्वच्छ असते हेही जपूनच म्हणावे. गाळ्यात धूर नसतो हे खरे, पण वीज कोळशाची असेल तर तो दूर कोठल्या तरी चिमणीतून निघतोच.

पालघर जिल्ह्यातच या तंत्राचे दुसरे टोकही पाहायला मिळते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे, आणि त्याच परिसरात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इंधननिर्मिती विभागात युरेनियम व प्लुटोनियम यांच्या मिश्र ऑक्साइडच्या वड्या बनवल्या गेल्या आहेत. भुकटी दाबून केलेली ही बोटाच्या पेराएवढी वडी आधी खडूसारखी भुसभुशीत असते. हायड्रोजन मिसळलेल्या वायूत, विजेच्या भट्टीत, १६०० अंशांच्या पुढे तापवली की ती न वितळताच आकसते, कणाला कण जुळतो आणि तिला मातीच्या भांड्यासारखा भाजीव घट्टपणा येतो. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. दाताच्या झिर्कोनियाच्या टोप्या याच तत्त्वाने भाजतात, भट्टी तेवढी टेबलावर मावणारी असते.

वालीवच्या गाळ्यातली भट्टी एवढ्या उंचीला जात नाही, पण तिचीही कुरकुर ठरलेली असते. पावसाळ्यात काही दिवस बंद राहिली की विटा आणि ब्लँकेट खाडीकाठची दमट हवा शोषून घेतात. तशीच एकदम तापवली तर पाण्याची वाफ होऊन अस्तर फुटते, म्हणून आधी शंभर-दीडशे अंशांवर तास न् तास तिचा दमटपणा काढावा लागतो. तारेची तऱ्हा आणखी निराळी. नवे कँथाल हाताने वळवता येते, पण एकदा हजाराच्या वर तापून निवले की त्याचे कण मोठे होतात आणि ते काचेच्या बांगडीसारखे ठिसूळ बनते. खाचेतून लोंबलेले वेटोळे कोणी थंड असताना पकडीने आत सारू गेला तर तुकडाच हातात येतो. जाणता कारागीर आधी भट्टीला वीज देतो, तार लाल होऊ देतो, मुख्य स्विच पाडून स्वतः खात्री करून घेतो आणि लाली उतरण्याच्या आत लांब पकडीने तिला जागेवर बसवतो.