वादळाची वर्दी देणाऱ्या घंटा

सन १७५२ च्या सप्टेंबर महिन्यात बेंजामिन फ्रँकलिन यांनी फिलाडेल्फिया येथील आपल्या घरावर एक लोखंडी सळई उभारली. सळईची तार जिन्यातून खाली आणून पंपाच्या लोखंडी दांड्याला, म्हणजेच भूमीला, जोडली होती. परंतु शयनगृहासमोर ती तार मध्येच तोडून दोन टोकांत सुमारे ६ इंचांचे अंतर ठेवले होते. प्रत्येक टोकाला एक लहानशी घंटा आणि दोहोंच्या मध्ये रेशमी दोऱ्याने टांगलेली पितळी गोळी, अशी ती रचना होती. या घंटांची मूळ कल्पना जर्मनीतील एर्फुर्टचे अध्यापक अँड्र्यू गॉर्डन यांची. विद्युद्भारित ढग माथ्यावर आला, की कोणी हात न लावता घंटा वाजू लागत.

असे का व्हावे? धातूच्या गोळीतील कित्येक इलेक्ट्रॉन मोकळेपणे हिंडू शकतात. रेशमातून मात्र विद्युत् वाहत नाही. सळईकडील घंटेवर ऋण भार आला आहे, असे समजावे. त्यामुळे गोळीतील इलेक्ट्रॉन पलीकडच्या बाजूस सरतात व अलीकडे धन भार राहतो. गोळीवरील एकूण भार शून्यच असतो. तथापि विजातीय भार जवळ आणि सजातीय भार दूर असल्याने आकर्षण वरचढ ठरते. गोळी घंटेवर आदळते. स्पर्श होताच घंटेवरील काही इलेक्ट्रॉन गोळीवर येतात. आता दोहोंचा भार सजातीय झाला. म्हणून जिने ओढले तीच घंटा गोळीला दूर लोटते. गोळी भूमीशी जोडलेल्या घंटेवर जाऊन आपला भार उतरवते आणि पुन्हा पहिलीकडे ओढली जाते. दोन तीरांमध्ये फेऱ्या घालणाऱ्या नावेप्रमाणे ती दर खेपेस थोडा थोडा भार पार करते.

भार फार वाढला, की ही नाव अपुरी पडते. एका रात्री फ्रँकलिन कडकडाटाने जागे झाले. ठिणग्या थेट एका घंटेवरून दुसरीवर उडत होत्या आणि जिन्यात पडलेली टाचणी दिसावी, इतका उजेड पडला होता.

या आवाजांची त्यांच्या पत्नी डेबोरा यांना धास्ती वाटे. फ्रँकलिन यांनी १७५८ साली लंडनहून उपाय कळविला : दोन्ही घंटा एका तारेने जोडाव्यात. उपाय साधा, पण मर्म सांगणारा. जोडलेल्या घंटा एकच वाहक बनतात. त्यांच्यात विद्युत्-पातळीचा भेद उरत नाही, म्हणून गोळीला ओढणारे बलही उरत नाही. विद्युत् मुकाट्याने भूमीत जाते.

ही वाट किती मोलाची, ते १७५३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे दिसून आले. निरीक्षणासाठी सळईची तार घरात घेऊन, परंतु ती भूमीला न जोडता प्रयोग करणारे गेओर्ग रिखमान विजेच्या आघाताने मृत्यू पावले. घंटेचा नाद मनोरंजक खरा. पण तो वाट मध्येच तुटल्याची खूण आहे. घराचे रक्षण करते ती भूमीपर्यंत अखंड गेलेली, आवाज न करणारी तार.