सरपण, सिलिंडर आणि हक्क

माझ्या आईच्या घरात गॅसची शेगडी आहे. पत्र्याच्या पेटीवर, स्वच्छ पुसून, वर फडका टाकून ठेवलेली. तिच्यावर चहा होतो, तोही पाहुणा आला तर. भाकरी, कालवण, अंघोळीचे पाणी हे सारे अजून चुलीवर. मी घरातला पहिला पदवीधर आणि त्यातून महाविद्यालयातला मास्तर. सुट्टीत घरी गेलो की शहाणपण सांगण्याची खोड आहेच. मी धुराचे दुष्परिणाम सांगू लागलो. आई म्हणाली, "धूर डोळ्याला लागतो हे मला ठावं न्हाई व्हय? टाकी संपली की पैसे एकदम लागतात. सरपणाला पैसा लागत न्हाई, जीव लागतो. जीव तर हाय."

वर्गात मी हा विषय अर्थशास्त्राच्या भाषेत शिकवतो. आईने तो मला उलटा शिकवला. गरिबाच्या घरातल्या इंधनाचा प्रश्न काटकसरीचा आहे असे सरकारी पत्रके सांगतात. तो तेवढाच आहे काय, हे येथे तपासायचे आहे.

प्रथम सरपणाचा इतिहास पाहू. वतनदारीच्या काळात गावात मुक्कामाला आलेल्या अंमलदाराच्या चुलीला लाकूडफाटा पुरवणे हे महाराचे काम होते. गावातल्या मयताची लाकडे वाहणेही त्याच्याच माथी. साऱ्या गावाची लाकडे फोडणाऱ्या माणसाच्या मालकीचे मात्र एक झाड नव्हते. हा वतनाचा फास तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. वतन गेले, पण जमीन आली नाही. ज्याला बांध नाही त्याची बायको दुसऱ्याच्या बांधावर काटक्या वेचते, आणि बांधाचा मालक तिला हटकतो. पऱ्हाटी, तुराटी, शेण यांपैकी काहीही आणायचे तर ते कोणाच्या तरी मेहेरबानीने. गायरानाचा प्रश्न आपण पोटाचा म्हणून मांडतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो चुलीचाही आहे, हे विसरतो.

आता चूल. साध्या तीन दगडांच्या चुलीत जळणाऱ्या लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला मिळते. बाकीची आजूबाजूला आणि धुरात जाते. चांगल्या गॅस शेगडीत साधारण दोन-तृतीयांश उष्णता कामी येते. म्हणजे डोक्यावर आणलेल्या दहा मोळ्यांपैकी आठ-नऊ मोळ्या बाईने केवळ धूर करण्यासाठी वाहिल्या. त्या धुराने तिला दमा जडतो, मोतीबिंदूचा धोका वाढतो, चुलीजवळ निजवलेल्या पोराला न्यूमोनिया गाठतो.

हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ साली केंद्राने तो गुंडाळला. कोट्यवधी चुली कागदावर बसल्या. पुष्कळ ठिकाणी नळकांडे तुंबले, चूल फुटली, आणि दुरुस्तीला कोणी फिरकले नाही. २०११ च्या जनगणनेत देशातली सुमारे निम्मी घरे लाकूडफाट्यावर स्वयंपाक करत होती.

मग १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना आली. गरीब घरातल्या प्रौढ स्त्रीच्या नावे जोडणी, अनामत रक्कम सरकारची. २०१८ साली अनुसूचित जाती-जमातींच्या सर्व गरीब कुटुंबांचा तीत समावेश झाला. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादला, समारंभपूर्वक देण्यात आली. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी व पहिली टाकी मोफत झाली आणि स्थलांतरित मजुराला पत्त्यासाठी स्वतःचे लेखी निवेदन पुरेसे ठरले. ऊसतोड कामगारांच्या दृष्टीने ही सवलत फार मोलाची आहे. ती फडापर्यंत पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम.

या योजनेने काहीच झाले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. आज दहा कोटींहून अधिक घरांत ही जोडणी आहे. पण सरकारचाच आकडा पाहा. उज्ज्वलाच्या लाभार्थीने २०१९-२० साली वर्षाला सरासरी तीन टाक्या घेतल्या. २०२४-२५ साली साडेचारच्या आसपास. १४.२ किलोच्या साडेचार टाक्या म्हणजे वर्षाला चौसष्ट किलो गॅस, रोजचा पावणेदोनशे ग्रॅम. अनुदान मात्र २०२५-२६ साठी नऊ टाक्यांपर्यंत मंजूर झाले. याचा अर्थ सरासरी घर त्याला मिळू शकणाऱ्या मदतीपैकी निम्मीच उचलते. उरलेला स्वयंपाक कशावर होतो हे माझ्या आईला विचारा.

असे का होते? अनुदानाच्या पद्धतीत त्याचे उत्तर आहे. मे २०२२ मध्ये टाकीमागे दोनशे रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून तीनशे रुपये उज्ज्वलाधारकाला मिळू लागले. पण ते बँकेच्या खात्यात, टाकी घेतल्यानंतर. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर दिल्लीत टाकी ८५३ रुपयांना होती. अनुदान वजा जाता ती ५५३ ला पडत होती खरी, पण दारात टाकी आली की ८५३ च मोजावे लागत होते. रोजंदारीवरच्या घरात एवढे पैसे एका हाताला एका दिवशी नसतात. मदत आहे, पण ती ज्याच्याजवळ आधीच पैसे आहेत त्याला आधी उपयोगी पडते.

थंड मुलुखातली सरकारेही ही मदत देतात. ब्रिटनमध्ये घर ऊबदार ठेवण्याचा खर्च गरिबाला झेपत नाही, म्हणून १९९७ पासून वृद्धांना हिवाळी इंधनभत्ता मिळू लागला. २०२४ साली तो बहुतेकांचा काढून घेतला गेला, आणि लोकांच्या रोषामुळे २०२५ साली पुष्कळांना परत द्यावा लागला. तेथील दुसऱ्या एका योजनेत सूट थेट विजेच्या बिलातूनच वजा होते. आधी भरा, मग घ्या, असे नाही. ब्रेंडा बोर्डमन या अभ्यासक बाईंनी १९९१ च्या ग्रंथात एक माप दिले: घर पुरेसे ऊबदार ठेवण्यासह इंधनावर मिळकतीच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागत असेल तर ते घर इंधनदरिद्री. आपल्या वस्तीत हे माप लावताना बाईचे सरपणात गेलेले तासही मजुरी म्हणून धरा, आणि मग टक्केवारी काढा.

काटकसर करू नये असे मी म्हणत नाही. डाळ आधी भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी आली की आच कमी करावी, कुकर असेल तर वापरावा, बर्नर साफ ठेवावा, उन्हाळ्यात अंघोळीचे पाणी उन्हात तापवावे. साठ वॅटच्या जुन्या बल्बऐवजी नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला तर महिन्याला साडेसात युनिटे वाचतात. शंभर युनिटांच्या आत राहिलेल्या घराला दर कमी पडतो, म्हणून ही बचत दिसते त्याहून मोठी. एकदम पैसे जमत नसतील तर पाच किलोच्या लहान टाकीची मागणी करावी. तशी सोय योजनेत आहे. पण ज्या घरात मुळात साडेचारच टाक्या येतात, तिथे बचतीचे व्याख्यान देणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहार शिकवणे.

व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय बाबासाहेबांकडे होता. १९४३ साली वीजधोरण समितीसमोर बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे असा आग्रह धरला, कारण दारिद्र्याच्या चक्रातून माणसाची सुटका त्यांना औद्योगिकीकरणात दिसत होती. ऊर्जा हा दयेचा विषय नाही, मुक्तीचा आहे, हे आपण त्यातून शिकायचे.

तेव्हा मागणी स्पष्ट करू. अनुदान टाकीच्या किमतीतूनच वजा व्हावे. आधार, बँकखाते, केवायसी यांत अडकलेल्या बायांची नावे वस्तीवार काढून वितरकाकडे व तहसीलदाराकडे न्यावीत. विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या वस्तीतली शंभर घरे मोजावीत: जोडणी किती, वर्षाला टाक्या किती, सरपण कोणाच्या रानातून येते, आणि ते आणताना बाईला काय ऐकावे लागते. शेवटचा रकाना कोणत्याही सरकारी पाहणीत नसतो. तो आपणच भरला पाहिजे.

मी सुरुवात घरापासून केली. आईच्या खात्यात अनुदान का जमा होत नाही ते पाहायला गेलो, तर खाते दोन वर्षांपासून बंद. तिला कोणी सांगितले नव्हते. पदवीधर मुलानेही कधी विचारले नव्हते.