बोट गेले, हक्क जाऊ देऊ नका

प्रेसमध्ये हात सापडला, परातीवरून माणूस खाली आला, गोदामात गठ्ठा अंगावर पडला अशी बातमी वस्तीत आली की सारी वस्ती धावते. कोणी रिक्षा आणतो, कोणी रक्त देतो, आयाबाया घरच्यांना धीर देतात. पण पंधरा दिवसांनी टाके निघतात, तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो. पगार बंद झालेला असतो आणि चूल तर रोज पेटवावी लागते. अशा वेळी मालकाने हातावर टेकवलेले चार पैसेही उपकारासारखे वाटू लागतात. आम्ही रविवारी विहारात बसून लोकांचे अर्ज भरतो. अपघाताने झालेले नुकसान अज्ञानामुळे दुप्पट होते, हे आम्ही तेथे वारंवार पाहिले आहे. म्हणून हा लेख घरात सर्वांनी मिळून वाचावा आणि कापून कपाटात ठेवावा, ही विनंती.

हा हक्क आला कोठून?

कामावर जखमी झालेल्या मजुराला भरपाई देण्याचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगारांसाठी आरोग्य विमा कसा असावा, याचा अहवाल प्रा. बी. पी. आडारकर यांनी त्याच काळात, १९४४ साली, सादर केला. त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ‘ईएसआय’, उभा राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या एकाच कायद्यात सामावले गेले आहेत. कायद्याचे नाव बदलले, तरी जखमी कामगाराचा हक्क कायम आहे.

पहिला प्रश्न : ईएसआय कापली जाते का?

अपघातानंतर आम्ही सर्वप्रथम हेच विचारतो, कारण येथून दोन वाटा फुटतात. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला महामंडळाकडून लाभ मिळतो आणि त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. ईएसआय नसेल, तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला ईएसआय लागू होते. वेतनमर्यादा २०१७ सालापासून महिना २१,००० रुपये आणि अपंग कामगारासाठी २५,००० रुपये झाली. जुलै २०१९ पासून कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के ठरला. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसते का, हे आजच पाहा. कपात होते पण विमा क्रमांक मिळालेला नाही, असे असेल तर आजच मागा.

ईएसआयमध्ये काय मिळते?

अपघातामुळे (अपघाताचा दिवस सोडून) किमान तीन दिवस काम करता येत नसेल, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. तो सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के असतो आणि डॉक्टर कामावर जाण्यास योग्य ठरवेपर्यंत चालू राहतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. साध्या आजारपणाचा लाभ ७० टक्के असतो आणि त्यासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या अपघाताला ही अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला, तरी लाभ मिळतो. म्हणून दवाखान्यात ‘हात दुखतो’ असे मोघम सांगू नका. ‘कामावर, अमुक यंत्रावर, अमुक वाजता अपघात झाला’ असे सांगा आणि कागदावर तसेच लिहिले आहे याची खात्री करा.

अवयव कायमचा निकामी झाला, तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवते. त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते. उदाहरणार्थ, सरासरी रोजचे वेतन ५०० रुपये असेल, तर ९० टक्क्यांनी ४५० रुपये होतात. क्षमता १४ टक्के गेली, तर रोजचे ६३ रुपये, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्याला १,८९० रुपये. हा लाभ घेत असताना कामगार पुन्हा नोकरी करू शकतो. बोर्डाची टक्केवारी मान्य नसेल, तर अपील करता येते. पत्र हातात पडताच हालचाल करा, कारण अपिलाला मुदत असते. दुर्दैवाने कामगार दगावला, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना मासिक लाभ मिळतो.

ईएसआय नसेल तर?

छोट्या वर्कशॉपमध्ये पाच-सात माणसेच असतात. तेथे मालकाने एकरकमी भरपाई द्यायची असते. तिचा हिशेब असा : मासिक वेतनाचे ६० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, गुणिले अपंगत्वाची टक्केवारी. वय ४० असेल तर हा आकडा १८४.१७ आहे, तर ३० व्या वर्षी तो २०७.९८ आहे. टक्केवारीचे कोष्टक कायद्यातच दिले आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५०, पूर्ण तर्जनी गेली तर १४, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर ४०.

आमच्या पाहण्यात एक चाळीस वर्षांचा प्रेस ऑपरेटर आहे. त्याची उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. मालकाने खासगी दवाखान्याचे बिल भरले, पंधरा हजार रुपये दिले आणि ‘सर्व हिशेब पूर्ण’ अशा कागदावर सही घेतली. त्याचा पगार महिना १५,००० होता, आणि २०२० साली हिशेबासाठी ठरलेली वेतनमर्यादाही तेवढीच. आम्ही गणित मांडले : ९,००० गुणिले १८४.१७, त्याचे १४ टक्के. रक्कम आली २,३२,०५४ रुपये! त्याची पत्नी तो कागद पुन्हा पुन्हा पाहत राहिली. मुलीची बारावीनंतरची फी भरता आली नाही म्हणून तिचे शिक्षण थांबले होते. हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्यापुढे टिकत नाही. तडजोड करायची असली, तरी ती सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. अपघाताला बावीस महिने झाले होते आणि अर्जाची मुदत दोन वर्षांची. अर्ज वेळेत दाखल झाला असून प्रकरण चालू आहे.

अपघातानंतर महिनाभरात भरपाई दिली नाही, तर मालकाला १२ टक्के व्याज द्यावे लागते. सबळ कारणाशिवाय उशीर केला, तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. कामगार ठेकेदाराचा असला, तरी मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते. मात्र दारू पिऊन काम केले किंवा यंत्राचे संरक्षक कवच मुद्दाम काढले, तर कायमचे पूर्ण अपंगत्व किंवा मृत्यू सोडून इतर दुखापतींत मालक जबाबदारी नाकारू शकतो. म्हणून उत्पादन वाढवण्यासाठी कवच काढायला कोणी सांगितले, तर ऐकू नका.

दोन निकाल लक्षात ठेवा

एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे हे अपंगत्व अंशतः होते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली मान्य केले. अधिकाऱ्यापुढे केवळ जखम सांगू नका, आपले काम काय होते आणि आता त्यातले काय होत नाही, तेही सांगा.

दुसरा निकाल आपल्या महाराष्ट्रातला. २००३ साली साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना अपघातात मरण पावला. वाटेतला हा अपघात नोकरीशी निगडित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ठरवले. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघाताची तरतूद नव्या संहितेतही आहे. म्हणून रेल्वेचा पास, हजेरीची नोंद, पोलीस पंचनामा जपून ठेवा.

गटार आणि सेप्टिक टाकीत उतरणाऱ्या बांधवांसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळा आदेश दिला. मृत्यू झाल्यास ३० लाख, माणूस कायमचा अपंग होऊन कमाईला मुकल्यास किमान २० लाख आणि इतर अपंगत्वास किमान १० लाख रुपये भरपाई द्यावी, असा तो आदेश आहे. तो प्रत्येक सफाई कामगाराच्या घरी माहीत असला पाहिजे.

घरच्यांनी काय करावे?

माणूस दवाखान्यात असताना धावपळ घरच्यांनाच करावी लागते. अपघाताची लेखी सूचना मालकाला द्या आणि प्रतीवर पोच घ्या. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का, ते विचारा. दोन साक्षीदार सहकाऱ्यांची नावे लिहून ठेवा. केसपेपर, एक्स-रे, पावत्या, पगाराची चिठ्ठी, वयाचा दाखला एका पिशवीत ठेवा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा अजिबात देऊ नका. शासकीय अपंगत्व प्रमाणपत्र वेगळे आणि ईएसआय बोर्डाची टक्केवारी वेगळी. एक मिळाले म्हणून दुसरे सोडू नका.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जातीचे लोक, स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

बंधू-भगिनींनो, गेलेले बोट कोणताही कायदा परत आणू शकत नाही. पण त्या बोटाबरोबर मुलांची शाळा आणि घराचा कणा जाऊ नये, यासाठीच हे कायदे आहेत. ही भीक नव्हे, घामाचा हक्क आहे. आपल्या चाळीत कोणी जखमी होऊन घरी बसला असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याकडे जा आणि अपघाताची तारीख विचारा. दोन वर्षे पुरी व्हायला किती दिवस उरले, ते त्याच्यासोबत बसून मोजा.

जय भीम!