विश्लेषण : ढिगाऱ्यात सापडलेल्या लेबलांनी कपड्यांचे ब्रँड कसे नमले? ग्राहकांच्या दबावाने काय बदललं, काय राहिलं?

बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ च्या सकाळी कोसळली. बचाव पथकांच्या मागोमाग आणखी काही लोक त्या ढिगाऱ्यात उतरले होते. कामगार संघटनांचे हे कार्यकर्ते लेबलं शोधत होते. शर्टाच्या कॉलरमागे असतं तेवढं, बोटभर कापडाचं लेबल. या इमारतीतल्या पाच कारखान्यांमध्ये कोणासाठी कपडे शिवले जात होते, हे सिद्ध करायला दुसरा पुरावा सहजी हाताशी नव्हता.

दुर्घटनेत ११०० हून अधिक माणसं गेली आणि सुमारे अडीच हजार जखमी झाली. मृतांमध्ये तरुण मुली आणि महिलांची संख्या मोठी होती. इटलीच्या बेनेटनने सुरुवातीला या कारखान्यांशी संबंध नाकारला. ढिगाऱ्यातल्या बेनेटनच्या शर्टाचे फोटो जगभर फिरले, तेव्हा कंपनीला भूमिका बदलावी लागली.

इमारत पडली कशी?

अचानक नाही. आदल्या दिवशीच पिलरला तडे दिसले होते. पाहणीसाठी आलेल्या इंजिनीअरने इमारत धोकादायक असल्याचं सांगितलं होतं. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली. कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. न आल्यास पगार कापण्याची धमकी होती. सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे अवजड जनरेटर सुरू झाले आणि काही वेळातच सगळं खाली आलं.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, की दुकानं आणि ऑफिससाठी बांधलेल्या इमारतीत शेकडो शिलाई मशिन्स आणि जनरेटर चढवले, तर भार आणि कंपन दोन्हींचं गणित बिघडतं. त्यात वरचे मजले बेकायदा. कळत नव्हतं असं काहीच नव्हतं. शिपमेंटची तारीख मात्र डोक्यावर होती.

कारखान्यांचं ऑडिट होत नव्हतं का?

होत होतं, आणि खरी मेख तिथंच आहे. राणा प्लाझातल्या काही कारखान्यांचं ‘सोशल ऑडिट’ झालेलं होतं. त्यात हजेरीपट, स्वच्छतागृहं, कामाचे तास असं तपासलं जायचं. इमारतीचा सांगाडा नाही. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस कारखान्याला सप्टेंबर २०१२ मध्ये आग लागून अडीचशेहून अधिक कामगार दगावले. त्याला जेमतेम काही आठवड्यांपूर्वी नामांकित आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. तपासणीचा खर्च कारखाना किंवा ब्रँड करणार, अहवाल गोपनीय राहणार. अशा तपासणीतून काय निघायचं?

मग ‘अकॉर्ड’ने वेगळं काय केलं?

बांगलादेशातल्या कामगार संघटना आणि युरोप-अमेरिकेतल्या ग्राहक गटांनी अशा कराराचा मसुदा राणा प्लाझाच्या आधीच तयार ठेवला होता. सही करायला बहुतेक ब्रँड तयार नव्हते. दुर्घटनेनंतर ‘क्लीन क्लोद्स कॅम्पेन’सारख्या गटांनी दुकानांबाहेर निदर्शनं आणि ऑनलाइन याचिकांचा धडाका लावला आणि तीन आठवड्यांत एच अँड एम, इंडिटेक्स (झारा ब्रँडची मालक कंपनी) यांच्यासह अनेक कंपन्यांनी सह्या केल्या. पुढे हा आकडा दोनशेवर गेला आणि सुमारे १६०० कारखाने कराराखाली आले.

कलमं साधी होती. स्वतंत्र इंजिनीअर इमारत, वीज आणि अग्निसुरक्षा तपासणार. अहवाल जाहीर होणार. कोणीही वेबसाइटवर वाचावा. दुरुस्तीसाठी पैसे उपलब्ध होतील हे पाहणं ब्रँडची जबाबदारी. कारखान्याने टाळाटाळ केली, तर सह्या केलेल्या सगळ्या ब्रँडनी त्याचं काम थांबवायचं. आणि ब्रँडनेच शब्द मोडला तर कामगार संघटना त्याला लवादात खेचू शकणार. हे शेवटचं कलम कागदावर राहिलं नाही. २०१६ मध्ये हेगच्या लवाद न्यायालयात दोन ब्रँडविरुद्ध दावे दाखल झाले. त्यातल्या एका ब्रँडने २० लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन तडजोड केली. अर्थात, दोन्ही ब्रँडची नावं गुलदस्त्यातच राहिली.

२०१४ मधल्या तपासणीच्या पहिल्या फेरीत साधारण ११०० कारखान्यांमध्ये ८० हजारांहून अधिक त्रुटी सापडल्या. जिन्याच्या तोंडाशी ओढून कुलूप लावायची लोखंडी गेटं हा त्यातला नेहमीचा प्रकार. माल चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या याच कुलपांनी आगीच्या वेळी माणसं आत अडकतात. ती गेटं काढून तिथं अग्निरोधक दरवाजे बसवणं, हे या चळवळीचं डोळ्यांना दिसणारं सर्वांत मोठं काम म्हणता येईल.

वॉलमार्ट आणि गॅप यांनी मात्र अकॉर्डवर सही न करता जुलै २०१३ मध्ये ‘अलायन्स’ हा स्वतःचा वेगळा गट काढला. त्यात कामगार संघटना सह्या करणाऱ्या बरोबरीच्या पक्ष नव्हत्या.

भरपाई मिळाली का?

मिळाली, पण दोन वर्षांनी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या देखरेखीखाली तीन कोटी डॉलरचा निधी उभारायचं ठरलं. देणगी ऐच्छिक असल्याने ब्रँड एकमेकांकडे बघत बसले. बेनेटनविरुद्धच्या याचिकेवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्यावर, एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने ११ लाख डॉलर दिले. जूनमध्ये निधी पूर्ण झाला.

मग सरळ बहिष्कारच का नको?

कापडावरून लढायची परंपरा आपल्याकडे जुनीच. विदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत जीव देणारे बाबू गेनू स्वतः गिरणी कामगार होते. पण तेव्हा विदेशी माल बाजारातून घालवणं हेच उद्दिष्ट होतं. बांगलादेशातल्या शिलाई कामगाराला काम जायला नको आहे. काम नीट व्हायला हवं आहे. तिथल्या संघटनांनी सरसकट बहिष्काराची मागणी केली नाही, ती यामुळे.

याचा धडा आधीच मिळाला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टॉम हार्किन यांनी बालकामगारांनी बनवलेल्या मालावर आयातबंदीचं विधेयक मांडलं. ते मंजूर होण्याआधीच धास्तावलेल्या बांगलादेशी मालकांनी हजारो मुलांना काढून टाकलं. त्यातली बरीच मुलं शाळेत न जाता खडी फोडण्यासारख्या आणखी वाईट कामांत गेल्याचं युनिसेफने १९९७ च्या अहवालात नोंदवलं. राणा प्लाझाच्या सुमारास डिस्नेने बांगलादेशातून काढता पाय घेतला, त्यावरही हाच आक्षेप होता : निघून गेल्याने भिंतीतले तडे बुजत नाहीत.

पगाराचं काय?

अकॉर्ड पगाराबद्दल बोलतच नाही. बांगलादेशात या उद्योगातलं किमान मासिक वेतन २०१३ मध्ये तीन हजारांवरून ५३०० टका झालं, २०१८ मध्ये ८ हजार आणि २०२३ मध्ये १२,५००. शेवटच्या वेळी संघटनांची मागणी २३ हजारांची होती आणि त्या आंदोलनात कामगारांचे बळीही गेले. इमारत सुरक्षित करायला ब्रँड तयार होतो, कारण कोसळलेल्या इमारतीचा फोटो निघतो. अपुऱ्या पगाराचा फोटो निघत नाही.

व्यवहाराची पद्धतही मुळातच एकतर्फी आहे. कापड, सूत, मजुरी हा सगळा खर्च कारखाना आधी करतो. ब्रँड पैसे देतो माल रवाना झाल्यावर. मार्च २०२० मध्ये करोनाचं कारण देऊन ब्रँडनी एकट्या बांगलादेशातल्या सुमारे तीन अब्ज डॉलरच्या ऑर्डर रद्द केल्या किंवा थांबवल्या. शिवून तयार मालही त्यात होता. तेव्हा ‘पे अप’ हा हॅशटॅग चालला आणि एकेक करून अनेक कंपन्यांनी पैसे द्यायचं कबूल केलं.

भारतात असं काही घडलं?

हो, तामिळनाडूत. जानेवारी २०२१ मध्ये दिंडीगुल भागातल्या एका कारखान्यातल्या २० वर्षांच्या दलित तरुणीची हत्या झाली. तिचा सुपरवायझरच आरोपी होता. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या अनेक तक्रारी त्यानंतर बाहेर आल्या. महिलांच्या नेतृत्वाखालील स्थानिक कामगार संघटनेने परदेशी गटांना सोबत घेऊन मोहीम चालवली. एप्रिल २०२२ मध्ये उत्पादक कंपनी आणि एच अँड एमसोबत ‘दिंडीगुल करार’ झाला, पुढे गॅप आणि पीव्हीएचही त्यात आल्या. छळ रोखण्यासाठी शॉप फ्लोअरवर संघटनेने नेमलेल्या कामगार महिलाच लक्ष ठेवतात.

आपल्या शर्टाचा पत्ता शोधता येतो का?

लेबलवर फार तर देशाचं नाव असतं. पण बरेच मोठे ब्रँड आता कारखान्यांच्या याद्या जाहीर करतात आणि ‘ओपन सप्लाय हब’ या मोफत नकाशावर त्या एकत्र बघता येतात. फोनवर उघडा, मुंबई टाइप करा. कारखान्याचं नाव, पत्ता आणि त्याच्याशी जोडलेल्या ब्रँडची नावं दिसतील. धारावीत पोटमाळ्यावर चार मशिन्स टाकून चालणारं जॉबवर्क मात्र अशा याद्यांमध्ये सहसा सापडत नाही.