मुक्त मोबाइल प्रणाली आणि ॲपमधील सफाईचा प्रश्न : अँड्रॉइडच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

गेल्या दीड-दोन दशकांत मोबाइल संच हे केवळ संभाषणाचे साधन राहिलेले नाही. भारतात वापरात असलेल्या स्मार्टफोनपैकी शंभरांत नव्वदांहून अधिक संच अँड्रॉइड या प्रणालीवर चालतात. प्रवेश, परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्ती, बँकेचे व्यवहार अशी अनेक कामे आज या संचांवरील ॲपच्या साहाय्याने होतात. मात्र या ॲप्सविषयी काही तक्रारी प्रारंभापासून ऐकू येत आल्या आहेत. एका संचावर नीट चालणारे ॲप दुसऱ्या संचावर अडखळते, अक्षरे चौकटीबाहेर जातात, कळ दाबली तरी प्रतिसाद मिळत नाही, महत्त्वाची सूचना वेळेवर पोहोचत नाही. ‘मुक्त प्रणाली म्हटली की असे होणारच’ किंवा ‘ॲप तयार करणारे निष्काळजी असतात’ असे म्हणून हा विषय सहसा संपवला जातो. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. ॲपमधील सफाईचा अभाव हा मुख्यतः जबाबदारीच्या विभागणीचा परिणाम आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मुक्ततेचे स्वरूप

5 नोव्हेंबर 2007 रोजी गूगलसह 34 कंपन्यांनी ‘ओपन हँडसेट अलायन्स’ या संघटनेची आणि अँड्रॉइड प्रणालीची घोषणा केली. या प्रणालीवर चालणारा पहिला संच ऑक्टोबर 2008 मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. प्रणालीचा बहुतांश मूळ संकेत अपाचे परवान्याखाली खुला असल्यामुळे कोणत्याही उत्पादकाला तो घेऊन त्यात फेरबदल करता येतात. ॲपनिर्मात्याला 25 डॉलर एकदाच भरून आपले ॲप अँड्रॉइडच्या बाजारात ठेवता येऊ लागले आणि ते ठेवण्यापूर्वी कोणाची अनुमती घेण्याची आवश्यकता नव्हती. वापरकर्त्यालाही या बाजाराबाहेरून ॲप घेण्याची मुभा होती.

याच्या नेमकी उलट रचना ॲपल कंपनीने स्वीकारली. संच आणि प्रणाली दोन्ही तिचीच होती. जुलै 2008 मध्ये सुरू झालेल्या तिच्या ॲप स्टोअरमध्ये प्रत्येक ॲप तपासणीनंतरच दाखल होत असे आणि निर्मात्याला दरवर्षी 99 डॉलर भरावे लागत. तेथे निर्बंध अधिक होते, पण उणीव आढळल्यास जाब कोणाला विचारायचा हे निश्चित होते. अँड्रॉइडच्या बाबतीत प्रणाली एकाची, संच दुसऱ्याचा, आतील चिप तिसऱ्याची आणि ॲप चौथ्याचे अशी स्थिती निर्माण झाली. ‘बारभाईंची शेती, काय लागेल हाती’ ही म्हण येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

सफाई म्हणजे काय?

सफाई म्हणजे केवळ बाह्य सौंदर्य नव्हे. बोट पडद्यावर फिरताच चित्र त्याबरोबर सरकले पाहिजे. त्यासाठी पडद्यावर दर सेकंदाला 60 चित्रे उमटावी लागतात, म्हणजे प्रत्येक चित्र सिद्ध करण्यास सुमारे 16 मिलिसेकंदांचा अवधी मिळतो. तो हुकला की डोळ्यांना अडखळणे जाणवते. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत पडद्यावरील घटक रेखाटण्याचे बरेचसे काम मुख्य प्रक्रियकालाच करावे लागे. शिवाय स्मृतीतील निरुपयोगी माहिती काढून टाकण्यासाठी प्रणाली ॲपचे काम मध्येच थांबवत असे.

2011 मधील 3.0 या आवृत्तीत हे रेखाटनकाम चित्रप्रक्रियकाकडे सोपवण्याची सोय झाली. 2012 मधील 4.1 या आवृत्तीत ‘प्रोजेक्ट बटर’ या नावाने पडद्याची गती आणि चित्रनिर्मितीची गती यांचा मेळ घालण्यात आला. 2014 मधील 5.0 या आवृत्तीत ॲप चालवणारी जुनी ‘डाल्विक’ यंत्रणा जाऊन ‘एआरटी’ ही नवी यंत्रणा आली. सुरुवातीच्या काळात ॲपनिर्मात्यांच्या माथी मारला गेलेला दोष काही अंशी पायातच होता, हे यावरून लक्षात येते.

उणिवांची कारणे

(अ) संचांचे वैविध्य : ओपनसिग्नल या कंपनीने आपले ॲप वापरणाऱ्यांच्या माहितीवरून केलेल्या मोजणीत 2012 मध्ये अँड्रॉइडचे 3,997 प्रकारचे संच आढळले. 2015 मध्ये ही संख्या 24,093 झाली. पडद्याचा आकार, बिंदूंची घनता, स्मृती आणि कॅमेरा प्रत्येकात भिन्न. लहान संस्थेला दहा-पंधरा संचांवर ॲपची चाचणी घेणेही कठीण जाते. कॅमेऱ्याचे वर्तन प्रत्येक संचात वेगळे असल्यामुळे काही लोकप्रिय ॲप्सनी खरे छायाचित्र घेण्याऐवजी पडद्यावर दिसणारे दृश्यच टिपून घेण्याचा मार्ग पत्करला. परिणामी उत्तम कॅमेरा असलेल्या संचावरही अशा ॲपमधील चित्र पुसट येई.

(आ) जुन्या आवृत्त्यांचे दीर्घायुष्य : नवी आवृत्ती गूगलकडून चिपनिर्मात्याकडे, तेथून संचनिर्मात्याकडे आणि काही देशांत दूरध्वनी सेवा देणाऱ्या कंपनीकडे जाऊन मगच वापरकर्त्यापर्यंत पोहोचे. डिसेंबर 2010 मध्ये आलेली 2.3 ही आवृत्ती 2012 च्या अखेरीसही सुमारे निम्म्या संचांवर होती. त्यामुळे नव्या सुविधा उपलब्ध असूनही ॲपनिर्मात्याला जुन्या आवृत्तीच्या मर्यादेत राहूनच काम करावे लागे.

(इ) समान दृश्यभाषेचा अभाव : कळा कोठे असाव्यात, मागे कसे जावे, अक्षरांचा आकार किती असावा याविषयी पहिल्या तीन वर्षांत पुरेसे मार्गदर्शन नव्हते. त्यातच प्रत्येक उत्पादक प्रणालीवर आपले वेगळे आवरण चढवी. सविस्तर रचनासूत्रे जानेवारी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली आणि जून 2014 मध्ये ‘मटेरिअल डिझाइन’ ही अधिक सुसंगत पद्धती आली. तोपर्यंत आयफोनसाठी रचलेले ॲप जसेच्या तसे अँड्रॉइडवर उतरवण्याची प्रथा रूढ झाली होती.

(ई) अर्थकारण : आयफोनचे वापरकर्ते संख्येने कमी असले तरी ॲपसाठी पैसे मोजणारे अधिक होते. साहजिकच निर्मात्यांचे पहिले लक्ष तिकडे राहिले. इन्स्टाग्राम आयफोनवर ऑक्टोबर 2010 मध्ये आले, अँड्रॉइडवर मात्र एप्रिल 2012 मध्ये. अँड्रॉइडवरील अनेक ॲप्स विनामूल्य असून जाहिरातींवर अवलंबून राहिली. जाहिरातींच्या उत्पन्नात दीर्घकाळ चाचणी घेण्याचा खर्च सहसा बसत नाही.

(उ) उत्पादकांचा हस्तक्षेप : बॅटरी अधिक काळ टिकावी म्हणून काही उत्पादक पडद्याआड चालणारी ॲप्स परस्पर बंद करतात. अशा संचावर औषधाच्या वेळेची आठवण देणारे ॲप निर्दोष असूनही वेळेवर वाजत नाही. दोष ॲपच्या निर्मात्याला दिला जातो, प्रत्यक्षात कारण दुसरीकडे असते.

देवनागरीचा अनुभव

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विभाजित जबाबदारीचे सर्वांत बोलके उदाहरण देवनागरीचे आहे. देवनागरीत अक्षरे एकापुढे एक मांडून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिली जाते त्याच्या आधी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांत रफार आणि अर्धा र यांच्या भेदाने अर्थच बदलतो. म्हणून अक्षरसंचाबरोबरच अक्षरांची योग्य जुळणी करणारी यंत्रणाही प्रणालीत असावी लागते. अँड्रॉइडच्या 2.x आवृत्त्यांवर चालणाऱ्या अनेक संचांत मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. काही उत्पादकांनी स्वतःचे अक्षरसंच घातले, पण जुळणीची यंत्रणा नसेल तेथे जोडाक्षरे फुटून दिसत.

यावर तोडगा म्हणून काही ॲप्समध्ये मराठी मजकूर चित्ररूपाने दिला गेला. तो दिसे, परंतु त्यात शब्द शोधता येत नसे, तो उतरवून घेता येत नसे आणि दृष्टिहीनांसाठी असलेल्या वाचक-यंत्रणेलाही तो वाचता येत नसे. 2014 मधील 5.0 या आवृत्तीत प्रणालीची स्वतःची भाषा म्हणून मराठीचा समावेश झाला. तोपर्यंत देवनागरी ही सर्वांच्या सामायिक पायाचा भाग बनली होती. जे काम हजारो ॲपनिर्मात्यांना स्वतंत्रपणे साधले नव्हते, ते पाया सुधारल्यामुळे साध्य झाले.

उपाययोजना आणि तिची किंमत

या उणिवांवर गेल्या दशकात झालेले उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार सामायिक पाया भक्कम करण्याचा. 2017 मधील 8.0 या आवृत्तीत ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ने प्रणाली आणि चिपनिर्मात्याचा भाग वेगळा केल्यामुळे नव्या आवृत्त्या पोहोचवणे सुलभ झाले. त्याच वर्षी 1 जीबी किंवा त्याहून कमी स्मृतीच्या स्वस्त संचांसाठी ‘अँड्रॉइड गो’ची घोषणा झाली. अशा उपायांनी कोणाचे स्वातंत्र्य हिरावले गेले नाही.

दुसरा प्रकार नियंत्रणाचा आहे. 2012 पासून अनेक महत्त्वाच्या सुविधा खुल्या संकेतातून नव्हे, तर ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ या गूगलच्या मालकीच्या भागातून मिळू लागल्या. 2015 मध्ये ॲपची प्रसिद्धीपूर्व तपासणी माणसांकडून होत असल्याचे गूगलने जाहीर केले. नोव्हेंबर 2022 पासून दैनंदिन वापरकर्त्यांपैकी 1.09 टक्के किंवा अधिक जणांना ॲप अचानक बंद पडल्याचा, अथवा 0.47 टक्के किंवा अधिक जणांना ते निरुत्तर झाल्याचा अनुभव आल्यास प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपला कमी ठळक स्थान मिळू शकते. 2024 मध्ये केवळ मजकूर किंवा एखादेच भित्तिचित्र दाखवणाऱ्या निःसत्त्व ॲप्सविरुद्धचे नियम कडक झाले. ॲपफिगर्स या कंपनीच्या मोजणीनुसार 2024 च्या प्रारंभी सुमारे 34 लाख असलेली ॲप्सची संख्या एप्रिल 2025 पर्यंत 18 लाखांच्या आसपास आली.

या नियंत्रणाची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. संचनिर्मात्यांवरील गूगलच्या करारातील बंधनांबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी 1,337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, परंतु दंड कायम ठेवला. ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने प्ले स्टोअरबाहेरील ॲपनिर्मात्यांनाही ओळख-पडताळणी बंधनकारक करण्याचा मनोदय जाहीर केला. फसवणूक रोखण्यासाठी ही तरतूद समर्थनीय वाटते. तथापि कोणाच्याही अनुमतीविना ॲप देता येणे हे ज्या प्रणालीचे वैशिष्ट्य होते, तिच्या मूळ प्रतिज्ञेशी ही तरतूद विसंगत आहे, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

1. ॲपमधील सफाईचा अभाव मुक्ततेतून अपरिहार्यपणे उद्भवत नाही. अंतिम अनुभवाची जबाबदारी कोणा एकाची नसल्यामुळे तो उद्भवतो.

2. सामायिक पाया सुधारणारे उपाय आणि नियंत्रण वाढवणारे उपाय यांत भेद केला पाहिजे. देवनागरीचा प्रश्न पहिल्या मार्गाने सुटला. दुसऱ्या मार्गाने दर्जा वाढतो, पण निर्णयाचा अधिकार एका कंपनीच्या हाती एकवटतो.

3. उणिवांचा सर्वाधिक भार स्वस्त आणि जुना संच वापरणाऱ्यावर पडतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ॲप बंद पडणे ही त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत केवळ गैरसोय नसते, त्याची मुदत टळू शकते.

4. ज्या महाविद्यालयाला स्वतःचे ॲप करून घ्यावयाचे आहे त्याने कमी स्मृतीच्या आणि काही वर्षे जुन्या संचावर, मोठ्या अक्षरांत आणि मराठी मजकुरासह त्याची चाचणी झाल्याशिवाय ते स्वीकारू नये. तेच काम साध्या संकेतस्थळावरही करता यावे, अशी पर्यायी व्यवस्था ठेवावी.

मुक्त प्रणालीने अल्प उत्पन्नाच्या घरांपर्यंत स्मार्टफोन पोहोचवला, ही तिची मोठी कामगिरी आहे. त्या घरातील संचावर ॲप नीट चालते की नाही हे पाहण्याची जबाबदारी मात्र ते ॲप करून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला स्वतःच्या शिरावर घ्यावी लागेल.