अर्धावभेदक : लोकसंख्येतील प्रमाण व आपली जबाबदारी

शिरःशूल ही मुख्य तक्रार घेऊन येणारे रुग्ण आपल्या चिकित्सालयात मोजकेच असतात. त्यावरून हा व्याधी विरळ असावा असा समज होतो. परंतु लोकसंख्येचे आकडे निराळे सांगतात. २०१९ सालच्या अंदाजानुसार भारतात सुमारे २१ कोटी ३० लाख व्यक्तींना मायग्रेनचा त्रास होता, म्हणजे साधारणतः दर सहा-सात व्यक्तींमागे एकीस. कर्नाटकात शहरी व ग्रामीण भागांतील १८ ते ६५ वयाच्या २,३२९ व्यक्तींची पाहणी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात एका वर्षातील मायग्रेनचे प्रमाण २५.२ टक्के आढळले.

या दोन आकड्यांत विरोध मानण्याचे कारण नाही. पहिल्या गणनेत बालके व वृद्धही येतात. दुसरी केवळ प्रौढांची, तीही एका प्रदेशातील आहे. मायग्रेन प्रामुख्याने तारुण्यात व मध्यम वयात होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक असते.

मग हे रुग्ण जातात कोठे? आपल्याकडे मळमळ व उलटीसह डोके दुखू लागले की ‘पित्त झाले’ असे म्हणून रुग्ण स्वस्थ बसतो. आम्हीही केवळ अम्लपित्ताची नोंद केली, तर मूळ व्याधी झाकलाच जातो. सुश्रुतांनी अर्धावभेदकाची गणना अकरा शिरोरोगांत केली असून दहा दिवसांनी वा पंधरवड्याने उलटणारे वेग हे त्याचे लक्षण सांगितले आहे. म्हणून वेगांचा काळ विचारणे अगत्याचे ठरते. मायग्रेनचा वेग उपचाराविना सामान्यतः ४ ते ७२ तास टिकतो; प्रकाश व आवाज असह्य होतात. नावात ‘अर्ध’ असले तरी अनेकांचे संपूर्ण डोके दुखते, हेही ध्यानात ठेवावे.

उरलेले बरेच रुग्ण थेट औषधांच्या दुकानात पोहोचतात. शिरःशूलाच्या रुग्णाने साधी वेदनाशामके महिन्यातून १५ वा अधिक दिवस, आणि संयुक्त वेदनाशामके किंवा ट्रिप्टान १० वा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास त्या औषधांमुळेच डोकेदुखी जडू शकते. तीच गोळी वारंवार नेणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्यांनी ‘महिन्यातून किती दिवस घेता?’ एवढे विचारावे आणि वैद्याकडे पाठवावे.

अकस्मात उद्भवलेला अतितीव्र शूल, ज्वरासह मानेचा ताठरपणा, अंगातील बल जाणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला शिरःशूल दिसल्यास मात्र कालहरण न करता रुग्णालयाची वाट दाखवावी.

प्रत्येक रुग्णपत्रिकेत वेगांचे दिवस, कालावधी व घेतलेल्या गोळ्या यांची नोंद झाली, तर आपल्या गावातील प्रमाणही हळूहळू उमगेल. वैद्यबंधू-भगिनींनी या त्रैमासिकाच्या पुढील अंकापर्यंत एवढा प्रयोग अवश्य करावा, अशी आमची विनंती आहे.